टेक ओव्हर म्हणण्याआधी

इंग्रजीत दोन चिमुकले शब्द शेजारी बसवले की त्यांचा संसार सुरू होतो, आणि तो कुठवर पसरेल याचा नेम नाही. 'टेक ओव्हर'चंच बघा. मोठ्या कंपनीनं छोटी कंपनी गिळली की टेकओव्हर. लांबच्या प्रवासात एकजण दमला आणि दुसऱ्यानं चाक हातात घेतलं की टेक ओव्हर. नवा साहेब खुर्चीत बसला तरी तेच. आपण त्याला पदभार स्वीकारला म्हणतो, म्हणजे जणू भार त्याच्या अंगावर पडला, प्रत्यक्षात तो पडतो आपल्या अंगावर. चारजण गप्पा मारत असतात, पाचवा येतो आणि उरलेला वेळ तोच बोलतो, तेही टेक ओव्हर. एवढंच काय, रागानं माणसाचा ताबा घेतला तरी हेच दोन शब्द धावून येतात. आपल्याकडे ताबा वेगळा, भार वेगळा, कारभार वेगळा. इंग्रजीनं सगळं एकाच डब्यात भरलंय.

पण बॉयलरबाईला विचाराल तर या शब्दांचा खरा अर्थ एकच. तो इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या भिंतीला चिकटलेल्या बॉयलर हाउसमध्ये राहतो आणि दिवसातून तीनदा मोठ्यानं उच्चारला जातो.

बॉयलरबाई हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. आधी ती धोबीखान्यात होती. ऑपरेशनचे हिरवे झगे, चादरी, उशांचे अभ्रे वाफेच्या इस्त्रीखाली सरकवायचं काम. इस्त्रीला वाफ भिंतीतून आलेल्या नळातून यायची. बाकीच्या बायका त्या नळाला शिव्या घालायच्या, कारण कधी वाफ कमी, कधी जास्त, कधी नुसतंच गरम पाणी. हिला मात्र भिंतीच्या पलीकडे काय चाललंय याची उत्सुकता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन पलीकडे गेली आणि दारात उभी राहून बघत बसली. तिथं उस्ताद होते. त्यांनी वळून विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही. आमची वाफ कुठून येते ते बघते."

"बघितली?"

"बघितली."

"मग जा."

ती गेली, पण दुसऱ्या दिवशी परत आली. पुढची सगळी हकिगत सांगत बसत नाही. अभ्यास केला, तेलकट चौथरे पुसले, परीक्षेला बसली, एकदा तोंडावर पडली, पुन्हा बसली आणि बॉयलर अटेंडंटचा दाखला घेऊन आली. नवरा सायकलदुरुस्तीवाला, मोजकं बोलणारा. त्यानं दाखला बघून हात पुसले आणि मग तो हातात घेतला. सासूबाईंनी मात्र गल्लीतलं एकही घर सोडलं नाही. 'आमची सूनबाई इस्पितळाची वाफ करते' हे वाक्य त्यांनी इतक्या घरी सांगितलं, की काही जणांची समजूत झाली सूनबाई रुग्णांना वाफारा देते.

आता उस्तादांबद्दल. उस्ताद म्हणजे बॉयलर हाउस आणि बॉयलर हाउस म्हणजे उस्ताद. बारीक अंगकाठी, भुवया जळून पुन्हा उगवलेल्या, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. त्यांच्या हाताखाली आलेली दोन माणसं वर्षाच्या आत दुसऱ्या खात्यात पळाली होती. त्यांचा एक रिवाज होता. पाळी बदलताना जाणाऱ्यानं 'हँड ओव्हर' म्हणायचं, पण येणाऱ्यानं लगेच काही बोलायचं नाही. आधी पाण्याच्या काचा बघायच्या. बॉयलरच्या तोंडाशी दोन उभ्या काचनळ्या असतात. आतल्या पाण्याची पातळी त्यांत दिसते. नुसती दिसून उपयोग नाही. खालचा कॉक उघडून काच रिकामी करायची, फुस्स करून सगळं बाहेर जाऊ द्यायचं, कॉक बंद करायचा आणि पाणी परत कसं चढतं ते बघायचं. झटकन उडी मारून चढलं, तर काच खरं बोलते. रेंगाळत, अंग चोरत चढलं, तर वाट कुठंतरी तुंबलीय आणि दिसतंय ते पाणी खोटं आहे. दोन्ही काचांची अशी उलटतपासणी झाली की मगच तोंड उघडायचं, 'टेक ओव्हर'. ते दोन शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. आणि ते शब्द पडले, की पुढं जे होईल ते येणाऱ्याच्या कपाळी.

बॉयलरबाईचा सगळा घोळ पहिल्याच दिवशी झाला. उस्ताद म्हणाले, "हँड ओव्हर." ही म्हणाली, "टेक ओव्हर." काचांना हात न लावता. त्यात आळस नव्हता, आणि येत नव्हतं असंही नाही. उस्तादांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच काचा तपासायच्या म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं तिला वाटलं. वडीलधाऱ्यानं मोजून दिलेलं सुनेनं पुन्हा मोजावं तसं काहीतरी. आपल्या घरांतून वाढलेलं कुठलंही माणूस इथंच चुकेल.

उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला होता, तो परत अडकवला.

"का नाही बघितलंस?"

"तुम्ही बघितलं असणारच ना, उस्ताद."

"म्हणजे माझ्यावर विश्वास आहे तुझा."

"आहेच की."

"त्याचा पगार नाही मिळत तुला. मी तुझा काका असेन, बाप असेन, उद्या देव होईन. काच रिकामी करून बघायची."

त्या दिवशी ते घरी गेले नाहीत. तिची पाळी संपेपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती न चुकता काचा बघू लागली, कानाला खडाच लावला तिनं. पण उस्तादांच्या मनातून ते गेलं नाही. ती टेक ओव्हर म्हणायची, ते मान हलवायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. चहा घेतो आणि निघतो, म्हणायचे. चहा संपायचा, पेपर संपायचा, उस्ताद तिथंच. आतून पंपाचा आवाज जरा बदलला की बाहेरून प्रश्न यायचा, "काय झालं?" बॉयलर तिच्या हाती होता आणि नव्हताही. दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात हे ठीक, पण या माणसानं फुंकण्यातच वर्षं घालवली.

घरी मात्र हा शब्द धुमाकूळ घालत होता. सासूबाई नातीला सुनेच्या हातात देताना म्हणायच्या, "घे बाई, टेक ओव्हर." सूनबाई पोरीचं अंग चाचपून, लंगोट ओला आहे का बघून मगच घ्यायची. ओला असला तर, "आई, अशी नाही घेत मी." सासूबाई बडबडत लंगोट बदलायच्या आणि शेजारणीला कौतुकानं सांगायच्या की हिच्या खात्यात असंच असतं. पोर मोठी होऊन शाळेत गेली. वर्गात बाईंनी टेक ओव्हरचा अर्थ विचारला, तर हिनं सांगितलं, "आधी नीट बघायचं आणि मग घ्यायचं." बाईंनी चूक दिली. सासूबाई शाळेत भांडायला निघाल्या होत्या, मुलानं त्यांना सायकलवरून परत आणलं.

मधल्या काळात इस्पितळाचंही टेकओव्हर झालं. नवी संस्था आली, दारावर नवी पाटी आली, शिपायांना नवे कपडे आले. बैठकीत सगळ्यांना सांगण्यात आलं की आता नवीन पर्व सुरू होतंय. उस्तादांनी शेजारी बसलेल्या बॉयलरबाईच्या कानात विचारलं, "यांच्यापैकी कुणी काच बघितली का गं?" ती हसली आणि पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून पाहिलं. नव्या संस्थेनं इंजिनिअरसाहेब मात्र चांगले दिले. तरुण होते, ऐकून घ्यायचे, आणि घाईत असले तरी आवाज चढवायचे नाहीत.

उस्तादांच्या निवृत्तीचा दिवस ठरला तेव्हा साहेबांनीच बॉयलरबाईला बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. पुढं दोन वाटा होत्या. उस्ताद म्हणाले की बॉयलर एकटीच्या हाती देता येईल, तर दिवसपाळीची प्रमुख ती. उस्ताद तसं म्हणाले नाहीत, तर त्यांना कंत्राटावर ठेवायचं, वर्षभर, गरज पडली तर आणखी. "मी त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले. "वाफ बंद पडली तर ऑपरेशन थांबतात. समजून घ्या."

ती समजली. समजूनही तिला रात्रभर वाईट वाटत राहिलं. वर्षामागून वर्षं काचा बघून अजून दाराबाहेर एक बाक असणारच, तर दाखला तरी कशाला घेतला? नवरा एवढंच म्हणाला, "त्यांना विचारून टाक." ती म्हणाली, "विचारून मिळालं तर ते काय मिळालं?"

निरोपाच्या दिवशी दुपारी पाळीबदलाच्या वेळीच बॉयलर हाउसमध्ये चहा ठेवला होता. उस्तादांनीच तसं सांगितलं होतं. सभागृहात आपल्याला घाम येतो म्हणाले. बॉयलरसमोर उभं राहून ज्याला घाम आला नाही त्याला सभागृहात येतो, असा हा माणूस. धोबीखान्यातल्या बायका आल्या, स्वयंपाकघरातले आचारी आले, मेट्रन आल्या, साहेब आले. सकाळपासूनच येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागली होती. जो तो उस्तादांचा हात हातात घेत होता, आणि ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या शिव्या खाल्ल्या तेच जास्त वेळ धरून ठेवत होते. भेट म्हणून सगळ्यांनी मिळून सूटकेस आणली होती. जो माणूस पाळी संपल्यावर घरीसुद्धा जात नसे त्याला सूटकेस, यावर आचाऱ्यांनी पोटभर हसून घेतलं.

उस्तादांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, बसायला खुर्ची दिली होती. त्यांनी बॉयलरबाईला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, माझा माणूस आज तरी वेळेवर घरी पाठव गं. लग्न झाल्यापासून मी या तुझ्या बॉयलरची सवत आहे."

"माझ्या हातात काय आहे, काकू?"

"मग कुणाच्या हातात आहे?"

भाषणं आटोपती झाली. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग उस्ताद, उद्यापासून काय? तुम्ही लागाल आम्हाला, की नाही?"

बॉयलरबाईचा जीव टांगणीला लागला होता. उस्तादांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आधी पाळी बदलू दे," म्हणाले. मग सदरा नीट केला, काहीसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हँड ओव्हर."

कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले. ही आता दोन शब्द म्हणेल, टाळ्या होतील, फोटो निघेल, असंच सगळ्यांना वाटलं. ती काचांकडे गेली.

उजवी काच तिनं रिकामी केली. फुस्स आवाज झाला, पुढच्या बायका मागं सरल्या, कॉक बंद होताच पाणी उडी मारून वर आलं. मग डावी. फुस्स. कॉक बंद. पाणी आलं, पण उडी मारून नाही. झोपेतून उठवलेल्या पोरासारखं, जागोजागी थांबत. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला पळून जावंसं वाटलं. उजवी काच चांगली होती, पाणी पुरेसं होतं, लगेच काही आकाश कोसळणार नव्हतं. दोन शब्द म्हटले असते आणि चहापाणी झाल्यावर गुपचूप काच साफ केली असती, तर कुणाला कळलं नसतं. तिच्यामागं ज्यानं तिला हे सगळं शिकवलं तो माणूस आयुष्यातली शेवटची पाळी संपवून उभा होता. त्याची बायको बघत होती. आणि साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडात होतं. आता त्याला दुखवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण पाणी रेंगाळलं होतं, आणि ते तिनं बघितलं होतं.

ती वळली. "उस्ताद," ती म्हणाली, "नाही घेत मी."

एक आचारी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मेट्रननी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो थांबला. साहेब म्हणाले, "अहो, आजच्या दिवस तरी..." आणि पुढचं गिळून त्यांनी उस्तादांकडे पाहिलं.

उस्तादांनी चष्मा लावला. "कुठली?"

"डावी. पाणी दमून येतंय."

त्यांनी स्वतः काच रिकामी केली आणि वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिले. मग सरळ झाले. चेहरा पडला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "सकाळी मी नुसती बघितली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रिकामी केली नाही. लोक येत होते, मी हात मिळवत बसलो." एवढं बोलायला त्यांना जड गेलं हे समोरच्या प्रत्येकाला दिसत होतं. काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"द्या, मी करते साफ," बॉयलरबाई म्हणाली.

"तू कशी करशील? तू घेतलीस कुठं अजून? पाळी माझी आहे." उस्तादांनी नवाकोरा सदरा काढून सूटकेसवर टाकला. काचेचे दोन्ही कॉक बंद केले, खालची डाट, म्हणजे नळीचं बूच, पाना लावून सोडवली आणि नळीच्या वळणात बसलेला क्षार जाड तारेनं खरवडायला सुरुवात केली. चुन्यासारखे पांढरे, दगडासारखे घट्ट तुकडे लादीवर पडू लागले. बॉयलरबाई तोपर्यंत उजव्या काचेवरची नजर हलवत नव्हती, आणि पाणी किती आहे ते त्यांनी न विचारता सांगत होती. चहा निवला. काही लोक कामावर परत गेले, पण धोबीखान्यातल्या बायका मात्र हलल्या नाहीत. त्यांच्यातलीच एक तिथं उभी होती.

डाट बसली, कॉक उघडले. उस्तादांनी हात पुसले, सदरा घातला, बटणं लावली. पुन्हा त्याच जागी, तसेच ताठ उभे राहिले. "हँड ओव्हर."

तिनं दोन्ही काचा पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. आत्ता डोळ्यांसमोर साफ झालेली डावीसुद्धा. पाणी दोन्हींत झटकन चढलं. मग तिनं त्यांच्याकडे तोंड केलं. "टेक ओव्हर."

उस्तादांनी मान हलवली आणि साहेबांकडे वळले. "कंत्राट नको, साहेब. मला इथं नाही म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी थांबत होतो. आता आहे."

साहेब पुढं काही विचारणार होते, पण उस्तादांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सूटकेस उचलली, रिकामी असल्यानं ती जरा जास्तच वर आली. "चल," ते काकूंना म्हणाले. काकू खुर्चीतून उठल्या आणि जाताना बॉयलरबाईच्या गालावरून हात फिरवून गेल्या. दोघं दारातून बाहेर पडले, बाकाजवळून पुढं गेले आणि धोबीखान्याच्या कोपऱ्यावरून वळले. धोबीखान्यातल्या बायकांनी ते डोळे भरून पाहिलं. बॉयलरबाईला पाहता आलं नाही, कारण तिची नजर काचेवर होती आणि ती हलवण्याची सोय नव्हती. तिचे डोळे मात्र भरून आले होते. अभिमान तर वाटत होताच, पण स्वतःचा की त्यांचा, हे तिला वेगळं काढता येईना. आयुष्यभर उभा केलेला दरारा त्यांनी चार लोकांत खाली ठेवला होता, तिचं बोलणं खरं होतं म्हणून. असा माणूस आपल्याला शिकवायला मिळाला, हे सासूबाईंसारखं घरोघरी जाऊन सांगावं असं तिला वाटलं.

लोक पांगले. साहेब निघताना फक्त "उद्या ऑफिसात या, कागद करून टाकू" म्हणाले. तिनं पंप चालू केला, पाणी हवं तिथवर आलं तेव्हा बंद केला. भिंतीवरचा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधून होता, आवाज घाईतला. "वाफ जरा वाढवायला लागेल. उस्तादांना द्या."

"उस्ताद घरी गेले," ती म्हणाली. "मी आहे. बोला."